कबुलीची किंमत

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संक्षेप)



मी स्वतः कोणत्याही धर्माचा उपासक नाही, हे आपणांपैकी अनेकांना ठाऊक आहे. तरीही आज ख्रिस्ती श्रद्धेविषयी बोलणार आहे, आणि त्याला निमित्त माझीच एक जुनी चूक आहे.

मी महाविद्यालयात शिकवीत असताना तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील एक विद्यार्थी माझ्याकडे आला. त्याच्या आजोबांनी मांगवाड्यात राहूनच बाप्तिस्मा घेतला होता. शाळेच्या दाखल्यावर मात्र 'हिंदू-मांग' अशी नोंद होती व तिच्या आधारे त्याला शिष्यवृत्ती मिळत असे. आदल्या रविवारी त्याने मंडळीपुढे उभे राहून आपल्या विश्वासाची कबुली दिली होती. आता दाखला बदलून घ्यावा काय, असे तो विचारीत होता. मी म्हणालो, "प्रार्थना घरी कर, दाखल्याला हात लावू नकोस." तो म्हणाला, "सर, रविवारी मी एक आणि सोमवारी दुसरा, हे किती दिवस चालायचे?" अर्थशास्त्राच्या प्राध्यापकापाशी त्याचे उत्तर नव्हते.

ही किंमत बाजाराने नव्हे, शासनाने ठरविली आहे. राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशातील तिसऱ्या परिच्छेदाने हिंदूहून वेगळा धर्म मानणाऱ्यास अनुसूचित जातींतून वगळले. १९५६ मध्ये शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा समावेश झाला. ख्रिस्ती व मुसलमान दलित बाहेरच राहिले. अनुसूचित जमातींना अशी धर्माची अट नाही. संविधानाचा पंचविसावा अनुच्छेद धर्म प्रकट करण्याचे स्वातंत्र्य देतो. इंग्रजी पाठात त्या अनुच्छेदातील आणि या आदेशातील क्रियापद एकच आहे. म्हणजे ज्या कृतीचा हक्क दिला, तिच्यावरच दंड बसविला!

हा दंड कसा वसूल होतो, ते मद्रासच्या सूसाई यांच्या खटल्यात दिसते. रस्त्याच्या कडेला बसून चपला शिवणारे हे गृहस्थ. शासनाने तेथील अनुसूचित जातींच्या चर्मकारांना मोफत टपऱ्या दिल्या. हिंदू सोबत्यांना त्या मिळाल्या, सूसाईंना मिळाली नाही, कारण ते ख्रिस्ती. तीच आरी, तेच चामडे, तोच रस्ता. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची याचिका फेटाळली. धर्मांतरानंतरही जातीचा जाच तितक्याच तीव्रतेने टिकतो, याचा पुरेसा पुरावा न्यायालयास दिसला नाही. तो पुरावा खुद्द चर्चच्या आवारात आहे. तामिळनाडूत काही ठिकाणी दलित ख्रिस्ती मृतास दफनाची जागाही वेगळी. धर्मगुरूंना याची लाज वाटली पाहिजे. पण त्यांच्या पापाचे प्रायश्चित्त त्या दलितानेच का घ्यावे?

२०२४ मध्ये पुदुच्चेरीच्या एका महिलेचा दावा याच न्यायालयाने फेटाळला. आचरण ख्रिस्ती ठेवून केवळ आरक्षणासाठी हिंदू म्हणविणे ही संविधानाशी प्रतारणा होय, असे न्यायालय म्हणाले. आजच्या कायद्यात दुसरा निकाल लागणे कठीणच होते. प्रश्न त्या कायद्याचाच आहे.

"आरक्षणाचे वाटेकरी वाढतील," हा आक्षेप हिंदू व बौद्ध दलित कार्यकर्ते घेतात. त्यांना प्रतिगामी ठरविण्याची घाई कोणी करू नये. सरकारी नोकऱ्या आटत असताना वाटणीची भीती वाटणारच, आणि म्हणून वाटा वाढविण्याची मागणी सोबतच केली पाहिजे. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ मध्ये धर्माची अट काढण्याची शिफारस केली. ती बाजूस ठेवून २०२२ मध्ये बालकृष्णन आयोग नेमला गेला. महाराष्ट्रातील बौद्धांना तरी ही टोलवाटोलवी समजावून सांगायला नको. १९५६ च्या दीक्षेनंतर केंद्राच्या दारात त्यांनी ३४ वर्षे काढली. बौद्ध लिहावे की जुनी जात, हा पेच तेव्हा त्यांच्याही घरांत पडला होता.

त्या विद्यार्थ्याने अखेर दाखला बदलून घेतला. ती शिष्यवृत्ती गेली. पहाटे घरोघर दूध घालून त्याने पदवी पुरी केली आणि निकालानंतर तो मला भेटायला आला. सल्ला चुकला होता, असे मी त्याला तेव्हा सांगायला हवे होते. मी फक्त किती टक्के मिळाले ते विचारले.