वाई-मेणवली : एका दिवसाची सहल

पुण्याहून मोटारीने एका दिवसात वाई आणि मेणवली पाहून यावयाचे असेल, तर निघण्याआधीच परतीची वेळ मुक्रर करावी. कारण अंतर एका बाजूने ९० किलोमीटरांच्या आसपास असले, तरी सुटीच्या सायंकाळी महामार्गावर होणारी कोंडी सारा हिशेब विस्कटून टाकते. टायरांतील हवा पहाटे, चाके थंड असतानाच तपासावी. परवाना आणि विम्याचे दस्तऐवज जवळ असावेत. वाईत ढोल्या गणपतीचे दर्शन घेऊन अधिक वेळ मात्र मेणवलीला द्यावा, कारण नाना फडणवीसांचा वाडा, त्यामागे कृष्णेच्या पात्रात उतरणारा चंद्रकोरी आकाराचा घाट, आणि १७३९ च्या वसईविजयानंतर मराठ्यांनी आणलेली म्हणून प्रसिद्ध असलेली ती भव्य पोर्तुगीज घंटा, हे वैभव घाईने पाहण्याजोगे खचितच नव्हे. भोजन वाईतच उरकून चारच्या सुमारास निघावे, म्हणजे बराचसा रस्ता उजेडात कापला जातो.