‘कोर्ट’ची संथ चाल



चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ला २०१४ साली व्हेनिसमध्ये पारितोषिक मिळाले, पुढे राष्ट्रीय सुवर्णकमळही, पण २०१५ साली तो चित्रगृहांत लागला तेव्हा पुष्कळांना संथ वाटला. खटला म्हटला की लोकांना रहस्य हवे! कामगारांच्या दाव्यांपायी तारखा मोजण्यात माझी निम्मी उमर गेली. मला ती चाल ओळखीची वाटली.

शाहिराच्या गाण्याने मुंबईच्या गटारकामगाराने जीव दिला, असा सरकारपक्षाचा आरोप. मग मृताची बायको साक्षीला येते. संरक्षणाची साधने नव्हती, ती सांगते. तो आधी आत खडा टाकी, झुरळ बाहेर आले की हवा आहे असे समजून उतरे. सारे रहस्य तेथेच उलगडले, आणि पडद्यावर कोणी आवाजही चढवला नाही.

माझ्या शेजारचे गृहस्थ त्यापूर्वीच उठून गेले होते.