डिंक घ्या, पण झाड राखा
(प्रभागसंघाच्या वार्षिक सभेतील भाषण)



ऊसतोडीला गेलेल्या आपल्या बाया मार्च-एप्रिलात गावी येतात. तेव्हा शेतात काम नसतं, विहिरीला पाणी नसतं. नेमका त्याच दिवसांत बाभळीला, धावड्याला डिंक सुटतो. बांधावर, बालाघाटाच्या डोंगरात फिरून तो गोळा केला की घरात चार पैसे येतात. ते बंद करा, असं सांगायला मी उभी नाही. दहा वर्षांनीही ते यावेत, म्हणून बोलते.

डिंक म्हणजे काय? झाडाला जखम झाली की ती बुजवायला झाड चीक सोडतं. तो वाळला की डिंक. जखम लहान असली तर भरून येते. पण जास्त माल पाहिजे म्हणून कुऱ्हाडीनं खोल घाव घातले, खोडाभोवती गोल साल काढली, की पानांनी तयार केलेलं अन्न मुळापर्यंत उतरत नाही. झाड उभं वाळतं. कुठं कुठं खोडाला भोक पाडून इथेफॉन भरतात, फळं पिकवायला वापरतात तेच औषध. डिंक जास्त येतो खरा, पण मात्रा चुकली की झाड जातं. आपल्या गटात व्याज वाटून घेतलं तर गट चालतो, मुद्दलच खाल्लं तर मोडतो. इथंही तेच.

दुसरी गोष्ट रोपांची. आफ्रिकेत इथिओपिया देशात आपल्या साळईच्या जातीचं एक झाड आहे. त्याचा ऊद जगभर विकला जातो. २०१९ साली तिथल्या रानांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मोठी झाडं उभी होती, पण बहुतेक ठिकाणी लहान झाडंच सापडली नाहीत. वारंवार चिरा, वणवे आणि गुरांची चराई यामुळं नवी पिढीच उभी राहिली नाही. असंच चाललं तर वीस वर्षांत ऊद निम्म्यावर येईल, असा अंदाज निघाला.

आपल्याकडं बाभूळ तरी सोपी. शेळ्या शेंगा खातात, लेंडीतून बी रुजतं. बांधावर आलेलं ते रोप उपटू नका. धावड्याचं तसं नाही. त्याच्या बियांत फोलच फार, रोप क्वचित उगवतं. लाडवाला सगळ्यांना धावड्याचाच डिंक हवा असतो, आणि तेच झाड गेलं तर लवकर परत येत नाही.

म्हणून एवढं पाळू या. आपोआप आलेला डिंक आधी वेचायचा. चीर द्यायचीच तर जाड खोडाला, फक्त सालीत, लाकडाला धार लागू द्यायची नाही. बारक्या झाडाला हात लावायचा नाही. यंदा चिरलेल्या झाडाला पुढच्या वर्षी विसावा द्यायचा. बाभळीचा आणि धावड्याचा डिंक वेगळा ठेवायचा, साल-माती निवडून विकायचा. तेवढ्याच डिंकाला भाव जास्त मिळतो, जादा घाव घालावे लागत नाहीत.

वनखात्याच्या जमिनीवर आधी विचारून घ्या. पाटोदा तालुक्यातलं नायगाव मयूर अभयारण्य आहे, तिथं तर जायचंच नाही. ज्या गावांना २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळालाय, तिथं ग्रामसभेत नियम ठरवा, आणि बायांनी पुढं बसून ठरवा.

पुढच्या मासिक बैठकीत बचतीच्या नोंदीखाली एक ओळ लिहा: आपल्या शिवारात डिंकाची मोठी झाडं किती, रोपं किती. दर वर्षी ती ओळ वाचा. रोपांचा आकडा घटला, की त्या वर्षी चिरा कमी करा.