चुन्याचे कवच, दगडांचे कुरण

(तंजावूर राजवाडा परिसरातील मार्गशीर्ष व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)

तंजावूरच्या राजवाड्यातून उत्तरेला निघाले, तिरुवैयारूच्या नद्या ओलांडल्या आणि कोल्लिडमचा पूल मागे टाकला, की जमिनीचा पोत बदलत जातो. कावेरीचा गाळ संपतो, भातखाचरे विरळ होतात आणि पुढे अरियलूरच्या परिसरात पायाखाली चक्क जुना समुद्र लागतो. सुमारे अकरा कोटी ते साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता. त्याचे शंख, शिंपले, अ‍ॅमोनाइट आजही ओढ्याच्या काठाला सापडतात. त्याच समुद्रात साचलेल्या चुनखडकावर या भागातले सिमेंटचे कारखाने उभे आहेत. दालमियापुरमचा कारखाना तर 1939 पासूनचा आहे.

या थरांची शास्त्रीय पाहणी हेन्री ब्लॅनफर्ड यांनी केली आणि 1862 मध्ये ती मांडली. शंखशिंपल्यांचे सविस्तर वर्णन करण्याचे मोठे काम मात्र फर्डिनांड स्टोलिच्का या मोराव्हियात जन्मलेल्या तरुणाच्या वाट्याला आले. 1862 मध्ये तो भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात दाखल झाला. दक्षिणेतल्या या प्राण्यांवर त्याने खंडच्या खंड लिहिले. दुसरीकडे स्पितीच्या डोंगरांत हिंडून तिथले चुनखडक आणि काळे शेल त्याने तपासले. त्या शेलमध्येही अ‍ॅमोनाइट आहेत. गंडकीच्या काठी मिळणारे, देवघरात पुजले जाणारे शाळिग्राम त्याच जातकुळीच्या खडकातले. यार्कंदच्या मोहिमेहून परतताना, काराकोरम ओलांडल्यावर, 19 जून 1874 रोजी लडाखमध्ये मुर्गो इथे तो वारला. वय 36. लेहमध्ये त्याचे स्मारक आहे.

एकाच माणसाच्या कामात अरियलूर आणि लडाख असे जोडले गेले आहेत. एक उष्ण, एक गोठवणारे. पण दोन्हीकडे समुद्रतळाचा चुना वर आला आणि त्याची माती झाली. माती मात्र सारखी झाली नाही. का, हे समजून घेण्यासाठी लडाखच्या पूर्वेला चांगथांगच्या पठारावर जावे लागते.

तिथली उंची चार हजार मीटरहून जास्त. लेहला वर्षभरात पाऊस नि बर्फ मिळून जेमतेम 100 मिलिमीटरच्या आसपास पाणी मिळते. रात्री पाणी खडकाच्या फटीत गोठते, गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते आणि खडक फोडते. दिवसा वितळते, रात्री पुन्हा गोठते. असे हजारो वर्षे चालले, की पठारभर धारदार खडी साचते. त्याच गोठण्या-वितळण्याने जमिनीतले दगड हळूहळू वर ढकलले जातात आणि बारीक माती वारा उडवून नेतो. वर उरते ते दगडांचे पांघरूण.

हे पांघरूण अनेकांना जमिनीचे दारिद्र्य वाटते. खरे तर त्या मातीचा आधारच तो आहे. दगडाखालचा ओलावा उन्हात लगेच उडून जात नाही, वाऱ्याला माती नेता येत नाही, आणि जे थोडे पाणी पडते ते दगडांवरून घसरून मधल्या मातीत एकवटते. गवताचे झुपके दगडांच्या कडेनेच का वाढतात, याचे कारण हेच.

असा एखादा दगड उलटून पाहावा. पाठ स्वच्छ आणि पोटाला पांढरी साय धरलेली दिसते. पाणी दगडावरून ओघळत खालच्या बाजूला थेंबरूपाने थबकते. तिथेच ते आटते आणि त्यात विरघळलेला चुना दगडाला चिकटून राहतो. वर्षानुवर्षे हा लेप जाड होत जातो. मातीशास्त्रज्ञ दगडाच्या पोटावरचा हा लेप पाहून जमिनीचे वय अजमावतात.

चुन्याचा सारा हिशेब पाण्यावर चालतो. पावसाचे पाणी हवेतला आणि मुळांच्या श्वासातला कर्बवायू घेऊन किंचित आम्ल बनते, चुना विरघळवते आणि खाली नेते. पाणी भरपूर असेल तर तो नदीतून समुद्रात जातो. कमी असेल तर अर्ध्या वाटेवर पाणी आटते आणि चुना तिथेच थर धरतो. थंड पाण्यात कर्बवायू जास्त मावतो, म्हणून थंड पाणी चुना विरघळवण्यात उलट जास्त समर्थ असते. तरीही लडाखच्या मातीतून चुना निघून जात नाही, कारण तो वाहून नेईल इतके पाणीच नाही, आणि मुळे विरळ असल्याने त्यांचा श्वासही तोकडा. हान्स जेनी या मातीशास्त्रज्ञाने 1941 च्या आपल्या ग्रंथात अमेरिकेच्या गवताळ मैदानांवरून दाखवून दिले, की पाऊस जसा वाढतो तसा चुन्याचा थर खोल जातो. खड्डा खणावा आणि पांढरा थर कुठे लागतो ते पाहावे. पावसाची शतकांची नोंद तिथे सापडते.

महाराष्ट्रात याचा पुरावा एका दिवसाच्या प्रवासात मिळतो. कोकण आणि साताऱ्याचा माण तालुका, दोन्हींच्या खाली तोच बेसाल्ट. कोकणात अडीच हजार मिलिमीटरहून अधिक पावसाने चुना धुऊन नेला. माती तांबडी, आम्लधर्मी झाली. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतल्या माणमध्ये पाऊस पाचशेच्या आसपास. तिथे मुरमाड जमिनीत चुनखडीचे खडे पसरलेले दिसतात. त्या मातीवर लिंबू पिळले तर ती फसफसते.

चुन्याने माती अल्कधर्मी होते. मग स्फुरद असूनही मुळांना मिळत नाही, लोह मिळत नाही. पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. शेतकरी म्हणतो, केवडा पडला. पिकांची ही गत होते. पण माळावरची झाडे आणि गवते याच मातीत घडलेली आहेत. सोलापूर-अहिल्यानगरकडच्या माळावर हिवर, कुसळी, पवन्या, मारवेल या सगळ्यांनी वीतभर मातीत संसार थाटला आहे. त्याच गवतात माळढोक नांदत होता. नान्नजचे अभयारण्य 1979 मध्ये झाले ते त्याच्यासाठी. चांगथांगवर ही जागा स्टायपाचे गवत, बुर्त्से आणि काटेरी काराग्ना या झुडपांची. चांगपा पशुपालक तिथे मेंढ्या, याक आणि पश्मिना देणाऱ्या शेळ्या चारतात आणि एकाच जागी फार दिवस राहत नाहीत. थंडीत कुजणे इतके मंद असते, की उपटलेले झुडूप परत यायला फार काळ जातो. शेणही बरेचसे चुलीत जाते, त्यामुळे जमिनीला परत मिळणारे थोडेच.

तरीही सरकारी कागदात अशा जमिनी पोटखराबा नाहीतर पडीक. 2000 पासून निघत असलेल्या देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहातही झुडपी, गवताळ जमीन मोठ्या प्रमाणावर मोजली गेली. या नोंदीने बरेच नुकसान केले आहे. पडीक म्हटले की झाडे लावायची. खड्डा घेतला की चुन्याचा कठीण थर वर येतो, रोप त्यावर टेकते, दोन उन्हाळ्यांत वाळते, आणि तोवर भोवतीचे गवत मात्र उखडलेले असते.

या माळांचे देणे सुपीक खोऱ्यांपर्यंत पोचते, हे तंजावूरइतके दुसरीकडे क्वचित दिसते. भाताची कापणी झाली की रामनाथपुरमच्या कोरड्या भागातले मेंढपाळ कळप घेऊन कावेरीच्या खोऱ्यात येतात आणि रात्री शेतात मेंढ्या बसवतात. तमिळमध्ये त्याला किडै म्हणतात. महाराष्ट्रातले धनगर दिवाळीनंतर कोकणात उतरतात ते याच कामासाठी. गावाकडे माळ आहे म्हणून पावसाळ्यात या कळपांना परतायला जागा आहे. तो माळ राखायचा असेल तर खड्डे खणण्याची गरज नाही. पहिल्या पावसापासून गवताला बी धरेपर्यंत माळाच्या काही भागात चराई थांबवावी आणि वरचे दगड वेचून नेऊ नयेत.