लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर



नोव्हेंबर २०१६, नोटाबंदीचे दिवस. माझे मामा दोन दिवस बँकेच्या रांगेत उभे राहून मिळालेली दोन हजारांची गुलाबी नोट घेऊन आमच्याकडे आले. जेवणं झाल्यावर त्यांनी ती ट्यूबलाइटसमोर धरली, तिच्यातल्या चमकत्या धाग्यावरून अंगठा फिरवला आणि हळूच म्हणाले, "ह्यात चिप हाय म्हनत्यात. जिमिनीत पुरली तरी वरनं उपग्रहाला कळतंय."

मी हसलो. मामांनी नोटेची घडी केली, खिशात ठेवली आणि गप्प झाले. त्यांचं ते गप्प होणं मला आजही टोचतं. मी आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलं. हसण्यानं काही सिद्ध होत नाही, हे मला तरी माहीत असायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना मी एक जुनी लग्नपत्रिका उलटी केली आणि तिच्या कोऱ्या बाजूवर मामांसमोर हिशेब मांडला. त्याला दहावीचं गणित पुरतं.

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात. तिथून निघालेला संदेश चहूकडे सारखा पसरला असं धरा. आपल्यापर्यंत येईतो तो ज्या गोलावर पसरतो, त्याचं क्षेत्रफळ ४πr². आकडे घाला : सुमारे ५०० कोटी चौरस किलोमीटर. आता नोट. १६६ मिलिमीटर लांब, ६६ मिलिमीटर रुंद. म्हणजे जेमतेम ११० चौरस सेंटिमीटर. एवढ्या मोठ्या पसाऱ्यातला एवढासा अंश नोटेच्या वाट्याला येणार. अफवा म्हणत होती, चिपला बॅटरी लागत नाही, ती संदेश नुसता परतवते. ठीक आहे, थेंबही न सांडता परतवते असं धरू. पण परतीच्या वाटेवर तो अंश पुन्हा तसाच पसरणार. उपग्रहापर्यंत उरलं काय?

मामा आकड्यांकडे बघत राहिले. मी विचारलं, "मामा, येताना एक्स्प्रेस-वेच्या बोगद्यात फोनवरच्या नकाशाचं काय झालं?"

"थांबला व्हता."

फोनला बॅटरी आहे, अँटेना आहे, तरी डोंगराखाली त्याला उपग्रहाचा संदेश मिळत नाही. आणि जीपीएसमध्ये फोन नुसता ऐकतो. उपग्रहाला काही कळवत नाही. अफवेतली नोट मात्र १२० मीटर खोलवरून उत्तर देत होती.

मित्रहो, त्या पत्रिकेवर मी केलं ते एवढंच : "खरं की खोटं?" याआधी "किती?" असं विचारलं. किती अंतर, किती ऊर्जा, किती खर्च. आणि किती माणसं? चंद्रावर माणूस उतरलाच नाही असं म्हणणारे आजही भेटतात. अपोलो कार्यक्रमाच्या ऐन भरात नासा आणि तिच्या कंत्राटदारांकडे मिळून चार लाखांहून अधिक लोक काम करत होते. यांतल्या दहा हजारांत एकानंच वर्षभरात तोंड उघडलं, तरी चाळीस जण बोलले असते. डेव्हिड रॉबर्ट ग्राइम्स या भौतिकशास्त्रज्ञानं २०१६ साली हाच विचार नीट गणितात बसवला. त्याचं उत्तर : एवढ्या माणसांचं गुपित चार वर्षंही टिकत नाही. आणि १९६९ला आता अर्धशतक उलटून गेलं.

म्हणून जगात कट होतच नाहीत असं समजू नका. १९९२ साली स्टेट बँकेच्या सरकारी रोख्यांच्या नोंदींत सुमारे ५०० कोटी रुपयांचा ताळमेळ लागेना. पत्रकार सुचेता दलाल यांनी त्याची बातमी दिली आणि हर्षद मेहता घोटाळा देशासमोर आला. तिथंही प्रश्न "किती?" हाच होता. जी बेरीज खोटा कट मोडीत काढते, तीच खरा कट उघडा पाडते. म्हणूनच ती बेरीज तुमच्या नावडत्या माणसाच्या दाव्यापुरती राखून ठेवू नका. जो दावा ऐकून तुम्हाला बरं वाटतं, जो पुढे पाठवायला बोट शिवशिवतं, तो आधी तपासा. तिथं आपला हात जड होतो, माझाही होतो.

त्या सकाळचं एक सांगायचं राहिलं. हिशेब पटल्यावर मामा म्हणाले, "चिप नसंल. पण रात्री आठला सांगत्यात आन् बारा वाजता पाचशेची नोट बाद. मग कशावर इस्वास ठेवायचा?" याचं उत्तर माझ्या ४πr² मध्ये नव्हतं. ८ नोव्हेंबरच्या रात्री कांदा विकून त्यांनी कपाटात ठेवलेल्या पैशांचं काय होणार, ही भीती खरी होती. चिपची गोष्ट त्या भीतीला मिळालेलं एक चुकीचं नाव होतं. मी आदल्या रात्रीच हसण्याऐवजी विचारलं असतं, तर ती भीती मला तेव्हाच कळली असती.

आज तुम्ही पदवी घेऊन घरी जाल, पेढे वाटले जातील. गप्पांच्या ओघात कुणी काका, कुणी मावशी फोन पुढे करून म्हणेल, "हे बघ, तू शिकलेला आहेस, हे खरं आहे का?" हा प्रश्न म्हणजे तुमच्या पदवीवर टाकलेला विश्वास आहे. तो हसण्यावारी नेऊ नका. त्यांच्या शेजारी बसा, त्यांना कशाची धास्ती वाटते ते विचारा आणि मिळेल त्या कागदाच्या कोऱ्या बाजूवर हिशेब मांडा. पेन मात्र त्यांच्या हातात द्या.