हुकमी संघ हरतो तेव्हा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



खेळावरची भाषणं बहुधा विजयाची असतात. आज मी हरण्याविषयी बोलणार आहे. तेही अशा संघांच्या हरण्याविषयी, ज्यांचा सत्काराचा हार सामन्याआधीच आणून ठेवलेला असतो.

मी कसबा बावड्याचा. एका अंगाला पंचगंगा, दुसऱ्या अंगाला साखर कारखाना, आणि मधे आमचं गाव. आता शहरात आहे, पण स्वतःला गावच म्हणवून घेतं. आयुष्याची बरीच वर्षं मी शाळेत खेळाचा शिक्षक म्हणून काढली. कोल्हापूरला खेळाचं वेड कुणी शिकवावं लागत नाही. खासबागेत कुस्ती आहे, शाहू स्टेडियमवर फुटबॉल आहे. विश्वचषक आला की तालमी-तालमींवर ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे लागतात. संघ जिंकला की हलगी आणि गुलाल. हरला की चौकात रात्री उशिरापर्यंत चर्चा. त्या चर्चेचा शेवट मात्र ठरलेला असतो. कुणीतरी उठतो आणि म्हणतो, "त्यानं घालवली मॅच!"

हा 'तो' नेमका कोण? आणि खरंच त्यानंच घालवलेली असते का? आजचा प्रश्न एवढाच आहे.

आपल्याच राज्यातलं उदाहरण घेऊ. मे १९९१. मुंबईच्या वानखेडे स्टेडियमवर रणजी करंडकाचा अंतिम सामना. एका बाजूला मुंबई, जिच्या नावावर तोवर तीस अजिंक्यपदं जमा झालेली. दुसऱ्या बाजूला हरियाणा, ज्यांनी हा करंडक एकदाही जिंकलेला नव्हता. मुंबईचा कप्तान संजय मांजरेकर. संघात दिलीप वेंगसरकर, नुकताच अठरा वर्षांचा झालेला सचिन तेंडुलकर, विनोद कांबळी, लालचंद राजपूत, चंद्रकांत पंडित. घरचं मैदान, घरचे प्रेक्षक. हरियाणाकडे कप्तान कपिल देव होता, चेतन शर्मा होता. बाकीची नावं मुंबईकरांनी फारशी मनावर घेतली नसतील. पैज लावायची तर कुणावर, हे विचारायचीही गरज नव्हती.

तो सामना मुंबई दोन धावांनी हरली. फक्त दोन!

शेवटचा दिवस ज्यांनी पाहिला किंवा रेडिओवर ऐकला, त्यांना तो विसरता येणार नाही. जिंकायला ३५५ धावा हव्या होत्या. सुरुवातीलाच ३ बाद ३४ अशी पडझड झाली. मग तेंडुलकरनं ९६ धावा झोडपल्या. कांबळीनं ४५ केल्या. एका टोकाला वेंगसरकर उभा होता. नववा गडी बाद झाला तेव्हा धावफलकावर ३०५ होत्या. अजून पन्नास हव्यात, आणि फलंदाजीला आला उंचापुरा वेगवान गोलंदाज ॲबी कुरुविला. त्याच्याकडून कुणाची काय अपेक्षा असणार? पण तो उभा राहिला. वेंगसरकर पायात गोळे येऊन बेजार झालेला. त्याच्यासाठी राजपूत रनर म्हणून धावत होता. दोघांनी मिळून ४७ धावा जोडल्या. तीन धावा उरल्या. आणि कुरुविला धावबाद झाला. वेंगसरकर १३९ वर नाबाद. पस्तीस वर्षांचा, शंभराहून अधिक कसोटी खेळलेला तो माणूस मैदानावरच रडला.

आता चौकातली चर्चा आठवा. मॅच कुणी घालवली? धावबाद झाला त्यानं! उत्तर हातासरशी मिळतं, कारण शेवटचं दृश्य डोळ्यासमोर असतं. पण मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगत असे की, धावफलक वर्तमानपत्रासारखा शेवटच्या पानापासून वाचू नका. पहिल्या ओळीपासून वाचा.

पहिली ओळ काय सांगते? हरियाणाचा पहिला डाव ५२२. दीपक शर्मा १९९, चेतन शर्मा ९८, अजय जडेजा ९४. एकाचं द्विशतक एका धावेनं हुकलं, दुसऱ्याचं शतक दोन धावांनी, तिसऱ्याचं सहा धावांनी. पण तिघांनी मिळून ३९१ धावा उभ्या केल्या. मुंबईचा पहिला डाव ४१०. धावसंख्या वाईट नाही. संजय पाटीलच्या ८५, राजपूतच्या ७४. मात्र शतक एकाचंही नाही. हरियाणाला ११२ धावांची आघाडी मिळाली.

इथं रणजीचा नियम लक्षात घ्यायला हवा. बाद फेरीतला सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावात आघाडी घेणारा संघ विजयी ठरतो. म्हणजे त्या ११२ धावा मिळाल्या त्या क्षणी हरियाणाच्या हातात दोन चाव्या आल्या. जिंकले तरी करंडक त्यांचा, बरोबरीत सोडवला तरी त्यांचाच. मुंबईला एकच दार उरलं. शेवटच्या दिवशी ३५५ धावा करणं भागच होतं. तेंडुलकर तसा का खेळला, वेंगसरकरनं जोखीम का घेतली, शेवटी एकेरी धावेसाठी जीव तोडून का पळावं लागलं, याचं उत्तर पहिल्या डावात आहे. शेवटच्या दिवशी मुंबई खरं तर अप्रतिम खेळली. सामना तिच्या हातून सुटायला लागला होता तो त्याच्या कितीतरी आधी, कुणी टाळ्या वाजवत नव्हतं त्या वेळी.

यावर कुणी म्हणेल, "गुरुजी, दोन धावांचा प्रश्न. नशीब हो, दुसरं काय!" मुद्दा रास्त आहे. एकाच सामन्यात नशिबाला मोठी जागा असते. चेंडू बॅटची कड घेऊन क्षेत्ररक्षकाच्या हातात गेला काय आणि दोन बोटं अलीकडे पडला काय, निकाल फिरतो. म्हणूनच मला एक दुसरं उदाहरण द्यायचं आहे, जिथं नशिबाला बोल लावायची सोय नाही.

अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये, एनबीए स्पर्धेत, विजेता एका सामन्यावर ठरत नाही. अंतिम फेरीत तेच दोन संघ जास्तीत जास्त सात सामने खेळतात. आधी चार जिंकेल तो विजेता. एखाद्या दिवशीचं दैव सात सामने पुरत नाही. दोन दिवसांनी समोर तोच प्रतिस्पर्धी उभा असतो, आणि मधल्या काळात त्यानं तुमचा खेळ पाहून ठेवलेला असतो.

२००४ साली या मालिकेत लॉस एंजेलिस लेकर्स आणि डेट्रॉइट पिस्टन्स आमनेसामने आले. लेकर्सकडे शकील ओनील आणि कोबी ब्रायंट. त्यांच्या जोडीला आदल्या वर्षी कार्ल मलोन आणि गॅरी पेटन हे दोन नावाजलेले, उतारवयाकडे झुकलेले खेळाडू कमी पैशात आले होते. कारकिर्दीत एक अजिंक्यपद तरी मिळावं म्हणून. मार्गदर्शक फिल जॅक्सन, ज्यांच्या गाठीला प्रशिक्षक म्हणून नऊ अजिंक्यपदं. डेट्रॉइटमध्ये त्या तोडीचं वलय असलेला एकही खेळाडू नव्हता. बेन वॉलेसला तर सुरुवातीला खेळाडूंच्या निवडीत कुणी उचललंच नव्हतं. चॉन्सी बिलप्स या संघातून त्या संघात फिरून आलेला.

मालिका डेट्रॉइटनं ४-१ अशी जिंकली. लेकर्सना मिळालेला एकमेव विजय दुसऱ्या सामन्यातला. तिथं कोबीनं अखेरच्या क्षणी लांबून चेंडू टाकून बरोबरी साधली आणि जादा वेळेत लेकर्स तरले. तिसऱ्या सामन्यात त्यांचे गुण झाले फक्त ६८.

का झालं असं? डेट्रॉइटच्या मार्गदर्शकांनी, लॅरी ब्राउन यांनी, एक हिशेब मांडला. ओनीलला रोखायला सगळे दोन-दोन, तीन-तीन खेळाडू लावत, आणि मग बाकीचे मोकळे सुटत. यांनी उलटं केलं. ओनीलवर बहुतेक वेळ एकच गडी ठेवला. त्याला गुण करू दिले. बाकीच्यांची वाट मात्र बंद केली. कोबीच्या अंगावर टेशॉन प्रिन्स हा लांब हातांचा खेळाडू सोडला. कोबीचे दहातले सहाहून अधिक नेम चुकू लागले. ओनील गुण मिळवत राहिला आणि लेकर्स हरत राहिले. त्यातच मलोनचा गुडघा दुखावला. पाचव्या सामन्यात तो उतरलाच नाही. लेकर्सचं घर मोठमोठ्या चार खांबांवर उभं होतं. एक खांब खचल्यावर तो भार घ्यायला मधे काही नव्हतं.

या दोन्ही गोष्टींतून मला हुकमी संघांच्या हरण्याची दोन कारणं दिसतात. एक, नावांची बेरीज म्हणजे संघ नव्हे. आमच्याकडे कुस्ती बघणारा म्हातारा माणूससुद्धा सांगेल की, पैलवानाचा दंड बघू नये, त्याचा पाय कुठं पडतो ते बघावं. दुसरं कारण, कमी मानल्या गेलेल्या संघाचा अभ्यास जास्त असतो. त्याला करावाच लागतो. हुकमी संघ स्वतःचा खेळ खेळायला मैदानात येतो. समोरचा मात्र तुमचा खेळ मोडायला येतो.

आता मी मूळ प्रश्नाकडे येतो. ही कारणं शोधायची कशासाठी? निकाल तर बदलणार नाही. त्याचं उत्तर माझ्यापुरतं असं आहे: कारण शोधलं नाही की माणूस शोधला जातो.

१९५० च्या फुटबॉल विश्वचषकाची गोष्ट कोल्हापुरात अनेकांना ठाऊक आहे. त्या वेळी अंतिम सामना असा नव्हता. चार संघांची साखळी होती. ब्राझीलनं स्वीडनला ७-१ आणि स्पेनला ६-१ असं लोळवलं होतं. उरुग्वेशी नुसती बरोबरी पुरेशी होती. रिओच्या माराकाना स्टेडियमवर दोन लाखांच्या घरात माणसं. पहिला गोल ब्राझीलचाच. आणि शेवटी उरुग्वे २-१ नं जिंकलं. एवढ्या मोठ्या देशानं दोष कुणाला दिला? गोलरक्षक बार्बोसाला. २००० साली तो वारला, तोवर पन्नास वर्षं त्यानं तो डाग वागवला. आपल्या देशात सर्वांत मोठी शिक्षा तीस वर्षांची, मी मात्र पन्नास भोगली, अशा अर्थाचं तो म्हणत असे. आघाडी मिळूनही तो संघ बरोबरी का राखू शकला नाही, हा प्रश्न एका माणसाच्या पाठीवर टाकला की बाकीचे दहा मोकळे.

हे दूर रिओत घडलं असं समजू नका. आमच्या भागातल्या मुलांचा एक संघ मागे एका स्पर्धेत असाच हुकमी मानला गेला होता. साखळीत एकही सामना हरला नव्हता. अंतिम सामन्यात हरला, एका गोलनं. गोल मुलाच्या हाताला लागून आत गेला. त्यानंतर तो मुलगा पंधरा दिवस मैदानावर आला नाही. येता-जाता लोक त्याला हाताकडं बोट दाखवून हसत होते. मी त्या मुलांना एकत्र बसवलं आणि सामना पहिल्या मिनिटापासून कागदावर मांडायला लावला. पूर्वार्धात आपल्याला गोलसमोर चार संधी मिळाल्या, चारही वाया गेल्या. मधली फळी पुढं गेली की परत येत नव्हती. शेवटच्या वीस मिनिटांत आपल्या अर्ध्यातून चेंडू बाहेरच पडला नाही. तो कागद भरत गेला तसतशी मुलं गप्प होत गेली. शेवटी पुढच्या फळीतला एक मुलगा म्हणाला, "सर, त्यानं त्याआधी पाच अडवले होते की ओ." दुसऱ्या दिवशी तेच सगळे त्याच्या घरी गेले.

मी यात काही मोठं केलं असं मला म्हणायचं नाही. हरल्याचा हिशेब नीट मांडला तर त्याची विभागणी होते, आणि विभागलेलं ओझं उचलता येतं, एवढंच.

हिशेब नीट मांडण्याचा उत्तम नमुना आपल्या कोल्हापूरनं पाहिलेला आहे. खाशाबा जाधव इथं राजाराम कॉलेजात शिकले, इथल्या मातीत कुस्ती खेळले. १९४८ साली लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा मॅटवरची कुस्ती त्यांना नवी होती. सहावा क्रमांक आला. परदेशी पंच, परकी गादी, अनोळखी नियम, अशी कारणं सांगून गप्प बसता आलं असतं, आणि कुणी नावं ठेवली नसती. त्यांनी पुढची चार वर्षं तयारीत घालवली. १९५२ मध्ये हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

मुंबईनंही त्या पराभवानंतर तीन वर्षांनी रणजी करंडक परत आणला, आणि पुढच्या वर्षी पुन्हा. आणि तो कुरुविला? १९९७ मध्ये तो भारताकडून दहा कसोटी सामने खेळला. शेवटचा गडी म्हणून त्याच्या नावावर कायमची फुली मारली असती, तर एक गोलंदाज आपण गमावला असता. हरियाणाचं तेच आजवरचं एकमेव रणजी अजिंक्यपद आहे. त्यांच्याही कष्टाचा मान राखायचा तर मुंबई केवळ नशिबानं हरली असं म्हणू नये.

तेव्हा श्रोतेहो, पुढच्या वेळी आपल्या पेठेचा, तालमीचा किंवा शाळेचा संघ हरेल, तेव्हा त्या रात्री चौकात निकाल लावू नका. दोन दिवस जाऊ द्या. मग कागद घ्या आणि पहिल्या मिनिटापासून सुरुवात करा. शेवटच्या मिनिटाला पोहोचेपर्यंत बहुतेक वेळा राग उतरलेला असतो, आणि सरावात काय बदलायचं ते हाती लागलेलं असतं.