मतमोजणीच्या टेबलाशी

पुण्यातली विश्रांतवाडी वडगाव शेरी विधानसभा मतदारसंघात येते. इथल्या मतदाराला मतमोजणी आत जाऊन पाहायची असेल, तर उमेदवाराला नमुना १८ भरून त्याला मतमोजणी प्रतिनिधी म्हणून नेमावं लागतं. अपक्ष उमेदवारही असे प्रतिनिधी नेमू शकतो, हे फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. मोबाइल बाहेर; आत कागद आणि पेन.

खरी मदार नमुना १७-सीवर, म्हणजे केंद्रावर नोंदलेल्या मतांच्या हिशेबावर. मतदान संपलं की केंद्राध्यक्ष त्याची प्रत मतदान प्रतिनिधींना देतात. ती मिळवून ठेवा. तिच्यातला यंत्राचा क्रमांक आणि एकूण मतं टेबलावरच्या कंट्रोल युनिटशी ताडून पाहायची. आकडा जुळला नाही, तर तिथल्या तिथे लेखी हरकत घ्या. शेवटी सोडतीने निवडलेल्या ५ केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या मोजतात. तेव्हा अनेकांचं लक्ष गुलालाकडे असतं. तुम्ही जागचे हलू नका.